ट्रम्पेटवाल्याचं पोट

“सूर लावला की पोटच बोलायला लागतं, बाय. मला वाजवता येईल असं काहीतरी दे.”

जोकीमकाकांनी ट्रम्पेटची काळी पेटी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ठेवली आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवली. काका वसईजवळच्या भुईगावचे, तिथल्या ब्रास बँडमधले सगळ्यात जुने वाजवणारे. मी राहते विरारला मनवेलपाड्यात, पण फार्मासिस्ट म्हणून नोकरी इकडे, भुईगावच्या वाटेवरच्या या दुकानात.

झालं होतं असं की काकांच्या दाढेला पू झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. दाढ शांत झाली आणि पोटाने दंगा सुरू केला. जुलाब, गॅस, गुरगुर. ट्रम्पेट काही नुसत्या गालांनी वाजत नाही, दम पोटातून लावावा लागतो. आणि या दिवसांत काकांनी जोर लावणं म्हणजे मोठीच जोखीम होती.

त्यात पुढच्या आठवड्यात नातीचं लग्न. इथल्या ख्रिस्ती घरांतली नवरी बँडच्या मागून वाजतगाजत चर्चला जाते. भुईगावातल्या किती नवऱ्या काकांनी अशा पोचवल्या असतील, त्यांनाही सांगता यायचं नाही.

“पुतण्या वाजवतो ना तुमचा? तो वाजवेल की,” मी म्हटलं.

“वाजवील ना. पन नात माझी आहे.”

मी चिठ्ठी वाचली. ‘कोर्स पूर्ण करा. सोबत प्रोबायोटिक.’ बस. कुठलं ते नाही. तेवढ्यात मागून शेठ आलेच. शेठ म्हणजे दुकानाचे मालक, माणूस लाखातला, पण महाग डबा दिसला की त्यांचा हात आपोआप तिकडे जातो.

“मॅडम, तो मोठा डबा द्या. बघा केवढा आकडा आहे वर! लग्नघर आहे, हलकं नको.”

“शेठ, हा आकडा जंतूंचा आहे. पाहुण्यांचा नाही.”

काका दचकले. “जंतू? आधी मारायचे आनि मग परत घालायचे?”

मग मी त्यांना समजावलं. आपल्या आतड्यात चांगले जंतूही राहतात, पचनाला हातभार लावतात. अँटिबायोटिक दाढेतले वाईट मारायला जातं आणि वाटेत चांगल्यांनाही झोडपतं. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जंतू, जिवंत, पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये भरलेले. डब्यावरचा आकडा ते किती आहेत एवढंच सांगतो. पण मोठा आकडा म्हणजे जास्त गुण असं काही नसतं. जात कुठली, आपल्या तक्रारीवर ती वापरून पाहिलेली आहे का, आकडा एक्सपायरीपर्यंतचा आहे की फक्त बनवल्या दिवसाचा, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं का, हे सगळं बघायचं.

“आणि तुमचा कोर्स अजून चालू आहे,” मी म्हटलं. “या मोठ्या डब्यात बॅक्टेरिया आहेत. अँटिबायोटिकच्या वेळेलाच घेतले तर ते यांनाही मारेल. त्यापेक्षा ही साधी पुडी घ्या. यात यीस्ट आहे, म्हणजे खमिराच्याच जातीतलं. अँटिबायोटिक त्याला हात लावत नाही. फ्रिजही नको.”

ताप आहे का, रक्त पडतं का, दुसरं कुठलं मोठं दुखणं, हे विचारून घेतलं. काही नव्हतं. त्रास वाढला तर सरळ डॉक्टरांकडे जा, असं बजावलं. शेठनी मोठा डबा निमूट जागेवर ठेवला. काका खुशीत गेले.

दोन-तीन दिवसांनी काका परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. सोबत फिलोमिनाकाकू, हातात स्टीलचा डबा.

“काही फरक नाही, बाय. काल सराव अर्ध्यावर सोडून पळालो. पुतन्याला सांगितलं, तू तयारीत रहा.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

“पुडी घेता ना रोज?”

“घेतो की. चुकवली नाही एकदाही.”

“कशातून?”

उत्तर काकूंनी दिलं, तेही कौतुकाने. “फुग्यांतून!”

हे फुगे म्हणजे पिठाचे तळलेले गोळे. वसईतल्या ख्रिस्ती लग्नाचा मान त्यांचा. पीठ आंबवायला पूर्वापार ताडी घालतात.

“ताडी हल्ली पहिल्यासारखी येत नाही, बाय. यांनी घरी येऊन सांगितलं, खमीर दिलंय आनि पोटाला चांगलं आहे. मी म्हटलं, एकट्याने कशाला खायचं? टाकली पुडी पिठात. लग्नाआधी हात बसवायला रोज करतेच आहे. काय फुगलं म्हनून सांगू!”

त्यांनी डबा उघडला. फुगे खरंच देखणे होते. शेठनी एक उचलला, मग दुसरा. मी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण जमलं नाही.

“काकू, अहो ते जिवंत गिळायचं असतं! उकळत्या तेलात कोण वाचेल?”

काकूंनी डब्यात वाकून पाहिलं. “मग हे रोज काय खात होते?”

“मेलेलं यीस्ट. आणि वर तळलेलं. जुलाब चालू असताना!”

काका बायकोकडे बघून असे खदाखदा हसले की काउंटरवर हात आपटला. काकूही हसल्या. शेठना ठसका लागला.

नवी पुडी दिली. गार पाण्यात नाहीतर ताकात कालवायची, चहात नाही, गरम पेजेत नाही. जेवायला पेज, पण पुडी वेगळी. फुगे बंद. यावेळी हे सगळं मी काकूंना सांगितलं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं.

लग्नाला मी आणि शेठ दोघेही गेलो. काकांच्या अंगणातून मिरवणूक निघाली. काका सगळ्यांच्या पुढे, लाल कोटात. मागे नात पांढऱ्या झग्यात. चर्चच्या पायऱ्यांशी त्यांनी शेवटचा सूर लावला तो सोडायलाच तयार नाहीत! पुतण्याने आपलं ट्रम्पेट खाली घेतलं आणि नुसतं ऐकत राहिला. नातीने सगळ्यांदेखत आजोबांना मिठी मारली. मला इतका आनंद झाला की जणू माझ्याच घरचं लग्न होतं.

शेठ कानाशी म्हणाले, “पुडी पावली हो!”

खरं सांगायचं तर ते मी छातीठोक सांगू शकत नाही. तोवर कोर्स संपला होता, पेज चालू होती, आणि अशी पोटं पुष्कळदा आपली आपणच ताळ्यावर येतात. पण एक गोष्ट मी तेव्हापासून सोडलेली नाही. प्रोबायोटिक कुठलं घ्यायचं हे मी घेणाऱ्याला सांगते. कसं घ्यायचं हे मात्र घरात स्वयंपाक कोण करतं ते विचारून, त्या माणसाला फोन लावून सांगते.