जप्त केलेलं तेल

आमच्या मजल्यावरचे हवालदार दर दोन वाक्यांनंतर ‘कायदा म्हणजे कायदा’ म्हणतात. केबिन रोडवर फुकटची भाजी पिशवीत टाकतानाही म्हणतात.

डोंगरीच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये एक लहानसा पंथ जमायचा. मूर्ती नाही, फोटो नाही. दिव्यासमोर गप्प बसायचं आणि उठताना दुखऱ्या जागेला दिव्यातलं तेल लावायचं, एवढाच त्यांचा धर्म. ही अंधश्रद्धा मोडायला पोलिसांनी गेल्या महिन्यात शेड पाडली आणि म्हाताऱ्या बायकांनाही लाठ्यांनी झोडपलं. हवालदार जिन्यात रंगवून सांगत होते, “सालं कुणी ओरडतपण नव्हतं. उलट आपलाच खांदा गेला, भाऊ.”

परवा टाकीची चावी मागायला त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. साहेब बनियनवर बसले होते आणि बायको त्यांच्या खांद्याला तेल चोळत होती. बाटलीच्या गळ्याशी जप्तीचं लाखेचं सील अर्धवट लोंबत होतं.

मी तिकडे बघतोय हे त्यांना दिसलं.

“डॉक्टर झाले, बाम झाला,” ते म्हणाले. “यानेच गुण येतोय.”

मग बायकोला म्हणाले, “जपून लाव गं. आता कुठे मिळायचं नाही.”