ओसाकाच्या आजोबांवर माझी नजर

चहा आधी ओतून घ्या. नाहीतर ऐकताना हसत बसाल आणि चहा निवला म्हणून मलाच बोलाल. लोक जपानात जाऊन काय काय बघून येतात. मी जे करून आले त्याचा विषय आमच्या घरात अजून कोणी काढत नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सुरतेच्या लिंबायतमध्ये घरून साड्या-ओढण्या विकायच्या म्हणजे बाईला पाठीलाही डोळे लागतात. मार्केटमध्ये दाखवतात एक, बांधतात दुसरं. गिऱ्हाइकं तरी कुठे साधी? भलतीकडून घेतलेलं कापड "तुमचंच आहे, बदलून द्या" म्हणून माझ्या गळ्यात मारायला बघतात. म्हणून मी माझ्या प्रत्येक नगाच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचा बारीक टाका घालून ठेवते. मला कोणी फसवू शकत नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

तर आमची दीपाली ओसाकात नोकरीला. तिचं लग्न सुरतेतल्याच कोसाडच्या मुलाशी ठरलेलं. साखरपुड्याला मी विहिणीला, म्हणजे मंगलाताईंना, जी साडी दिली, तिने पहिल्याच धुण्यात रंग सोडला आणि त्यांच्या घरातले सगळे बनियन गुलाबी झाले. मंगलाताई काही बोलल्या नाहीत. बोलली असती तर बरं, असं वाटायला लावणारी बाई आहे ती. मी दीपालीकडे निघाले तेव्हा मात्र माझ्या गळ्यातला मोरपंखी स्टोल चिमटीत धरून म्हणाल्या, "ताई, रंग हाऊच लई या. पन रेशीम खरं लई या."

कळलं ना? रंग हाच आणा, पण रेशीम खरं आणा. माझ्याच विक्रीच्या मालातला तो स्टोल पॉलिस्टरचा. नुकती घडी मोडलेला, पण पॉलिस्टरचाच. लेकीच्या सासरी माझी गेलेली इज्जत आता एका रेशमी स्टोलवर येऊन टेकली होती.

ओसाकात एक दिवस दीपाली ऑफिसला गेली आणि मी एकटी बाजाराला निघाले. पिशवीत नमुना म्हणून माझा स्टोल, कळण्याची भाकरी, ठेचा आणि माचिस. माचिस कशाला? अहो, धागा जाळल्याशिवाय रेशीम कळतं का? खरं असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरते. पॉलिस्टर असेल तर कडक काळी गाठ होते. सुरतेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दीपालीने दारातच पिशवी तपासली.

"मम्मी, दुकानात काडी ओढशील तर पोलीस येतील. दे इकडे."

"आणि मग ओळखू कसं?"

"विश्वास ठेव ना जरा."

विश्वास म्हणे. मी रस्त्याला लागले तर दुकानांबाहेर छत्र्या ठेवलेल्या, सायकलींना कुलूप नाही, आणि कुणाचा तरी हातमोजा कठड्यावर नीट खोचून ठेवलेला. लिंबायतमध्ये असा हातमोजा दिसला तर समजायचं, कोणीतरी आडून बघतंय. मी चार हात लांबून गेले.

रेशमाचं दुकान एका आजी-आजोबांचं निघालं. नमुना दाखवला, आजोबांनी हुबेहूब तोच मोरपंखी काढून दिला. हाताला लागलाही छान. कापड ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, पण माचिस नव्हती ना. त्यात आजोबा माझ्याकडे पाठ करून तो कागदात बांधायला लागले. बांधून झाल्यावर पिशवी माझ्या हातात देईनात. स्वतः घेऊन दारापर्यंत आले, तिथे दोन्ही हातांनी दिली आणि कमरेत वाकले. मी चालत गेले, वळून पाहिलं, अजून वाकलेलेच. आमच्या मार्केटमध्ये माल विकला गेला की व्यापारी तोंड ओळखत नाही. मग हा माणूस एवढा का वाकतोय? नक्की काहीतरी केलंय.

वळणावर एक बाक होता. तिथे बसून मी तो सुंदर कागद टराटरा फाडला. आतला स्टोल मांडीवर, माझा नमुना शेजारी. रंग तोच, लांबी तीच. एवढ्यात बघते तर आजोबा माझ्याच दिशेने पळत येताहेत.

झालं. माझी खात्री पटली. चुकून खरा माल दिला गेला आणि आता तो परत घ्यायला येतोय. मी दोन्ही स्टोल बोळा करून छातीशी धरले आणि पळत सुटले. हो, मी, या गुडघ्यांनी. नऊवारी नव्हती नेसलेली एवढंच नशीब. मी पुढे, आजोबा मागे, आणि ओसाकाची सगळी माणसं अदबीने बाजूला होताहेत.

सिग्नलला लाल दिवा लागला. रस्त्यावर एकही गाडी नाही, तरी सगळे उभे. सुरतेत असते तर केव्हाच पार झाले असते. इथे गर्दीची भिंत आडवी आली आणि सापडले.

आजोबा धापा टाकत आले, वाकले आणि दोन्ही हातांनी माझी भाकरीची पुरचुंडी पुढे केली. मी ती दुकानात विसरले होते.

आता लाजायला हवं होतं की नाही? पण तेवढ्यात त्यांना माझ्या हातातला बोळा आणि फाटका कागद दिसला. त्यांचं तोंड एवढंसं झालं. दीपालीने मोबाईलमध्ये भाषा बदलून बोलायची सोय करून दिली होती, त्यातून आवाज आला, "कागदाची बांधणी आवडली नाही का? क्षमा करा. परत बांधून देतो."

परत? म्हणजे आता बदलणार तर. मोबाईलही त्यांच्याच बाजूने बोलतोय असं वाटून मी तो पिशवीत खोल टाकला आणि त्यांच्यामागे दुकानात गेले. बोळ्यातून एक स्टोल काढून दिला, दुसरा पिशवीत टाकला आणि नजर लावली ती थेट त्यांच्या बोटांवर. पापणी नाही हलवली.

आजोबा थबकले. स्टोल चाचपला, आजींना दाखवला. मग माझ्या पिशवीतल्या दुसऱ्या स्टोलकडे बोट करून दोघंही काहीतरी समजावून सांगायला लागले. बघितलंत? आता त्यांना माझा नमुनाही हवा होता. मी पिशवी पोटाशी आवळली आणि मराठीतच दरडावलं, "बांधा, बांधा. मला सगळं कळतं."

शेवटी बिचाऱ्यांनी बांधलं. जे मी दिलं, तेच बांधलं. शपथेवर सांगते.

मग मी बाकावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला आणि नमुन्याच्या स्टोलला हात पुसले. फार मऊ लागला, पण म्हटलं, एकदा धुतल्याने मऊ पडला असेल.

सुरतेला आल्यावर मंगलाताईंना चहाला बोलावलं. त्यांनी तो कागद अलगद सोडवला, स्टोल हातावर घेतला, आणि कडेचा एक धागा ओढून आमच्या देव्हाऱ्यातली माचिस उचलली. मी आरामात बसले होते.

कडक काळी गाठ.

"ताई, हाई ते पॉलिस्टर शे," मंगलाताई हळूच म्हणाल्या.

माझा भडका उडाला. "मला वाटलंच होतं. तो म्हातारा वाकत होता तेव्हाच वाटलं होतं. इतकं वाकून फसवतात ही माणसं."

मंगलाताईंनी स्टोलचा कोपरा माझ्यापुढे धरला. कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचा बारीक टाका.

मनातल्या मनात ओसाकाच्या त्या आजी-आजोबांचे पाय धरले. आणि नेमके त्याच वेळी आमचे हे स्वयंपाकघरातून चहाचं उकळतं पातेलं घेऊन बाहेर आले. ठेच्याचा डाग जाईना म्हणून मी ज्याचं मसोतं केलं होतं, त्या मोरपंखी कापडात धरून.

मंगलाताई उठल्या. ह्यांच्या हातातून ते मसोतं घेतलं, धागा ओढला, काडी लावली. खोलीभर केस जळल्याचा वास सुटला.

"हाई खरं शे," त्या म्हणाल्या आणि डागासकट गळ्यात घालून घरी गेल्या.

लग्न झालं, सगळं छान आहे. फक्त तेव्हापासून मंगलाताईंना मी काही भेट दिली की त्या ती उघडत नाहीत. आधी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन मसोतं बघून येतात.