रोज एक नख

कृष्णोजीराव मास्टर आमच्या चिकूची नखं कापायला पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी एकही नख कापलं नाही. हॉलमध्ये चिकूकडे पाठ करून जमिनीवर बसले, माझ्याशी वीस मिनिटं म्हैसूरच्या वाढत्या उन्हाबद्दल बोलले, फिल्टर कॉफी प्याले आणि उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चिकू आपणहून त्यांच्या गुडघ्याजवळ येऊन बसला, तेव्हा त्यांनी त्याचा एक पंजा तळहातावर घेतला, क्षणभर धरला आणि परत खाली ठेवला. "आजचं झालं, अम्मा," म्हणाले. शाळेत शिकवायला निघालेली मी नेलकटर हातात घेऊन, पिशवी खांद्याला लावून उभी होते. सत्तरीच्या माणसाने तिशीतल्या बाईला अम्मा म्हणायचं ही तिकडची रीत मला तेव्हा माहीत नव्हती, त्यामुळे त्याचाही राग आला.

आम्ही कोल्हापूरहून नवऱ्याच्या, सुधीरच्या, बदलीमुळे कुवेंपुनगरात राहायला आलो होतो. सोबत चिकू, पांढरं पॉमेरियन, उशीएवढं. घरातल्याच नेलकटरने मी एकदा त्याचं नख कापायला गेले आणि रक्त काढलं. तेव्हापासून नेलकटरच्या डब्याचा आवाज झाला तरी तो पलंगाखाली जायचा. दवाखान्यात नेलं तर दोघांनी दाबून धरलं, तोंडाला पट्टी बांधली, आणि भीतीने त्याने टेबलावरच शू केली. तिथे पुन्हा जायचं नाही असं मी ठरवलं. इकडे नखं वाढत होती. मोझेकवर तो घसरायचा, आणि पुढच्या पायाचं वरचं, जमिनीला न टेकणारं नख गोल वळून मांसात घुसायच्या बेतात होतं. एका रविवारी मी त्याला टॉवेलात गुंडाळून प्रयत्न करत होते, तेव्हा मागच्या घरातले मास्टर कंपाउंडपाशी येऊन उभे राहिले.

"ओरडतंय कोण? कुत्रं का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मास्टर म्हणजे शिंपी. देवराज मोहल्ल्यातल्या एका दुकानात त्यांनी चाळीस वर्षं कापड बेतायचं काम केलं होतं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण अर्ध्या वाक्यात कानडी शिरायची. त्यांचा आवडता शब्द 'निधान'. माझ्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. हे गृहस्थ कुत्र्याचा पंजा धरून निधान, निधान का म्हणतात ते मला कळेना. कानडीत त्याचा अर्थ सावकाश, हे आठवड्याने कळलं. तोवर कृतीवरून कळायचं ते कळलंच होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी कुत्र्यांसाठी मिळतं ते पकडीसारखं नेलकटर आणलं आणि नुसतं जमिनीवर ठेवलं. चिकूने ते हुंगलं की इडलीचा तुकडा द्यायचा. दोन दिवस हेच. मग त्यांनी काड्यापेटीतली काडी त्या नेलकटरने चिकूपासून लांब कापली. कट्. तुकडा. पुन्हा कट्, पुन्हा तुकडा. माझ्या घरात एक म्हातारा माणूस रोज सकाळी काड्या कापत बसतो आणि मी इडल्या पुरवते, हे सुधीरला सांगताना मला रडू यायचं बाकी होतं.

दहाव्या दिवशी त्यांनी पहिलं नख कापलं. खिडकीशी उजेडात बसून, बोटावरचे केस मागे सारून, पंजा हलकेच दाबून नख पुढे काढलं आणि टोकाचा तांदळाएवढा तुकडा उडवला. चिकूला कळलंही नाही.

"दवाखान्यात सांगितलं असेल, आत शीर असते," ते म्हणाले. "आमची आई जिव्हाळी म्हणायची. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. ह्याची नखं काळी, दिसायची नाही. म्हणून पातळ पातळ कापायचं. कापलेल्या जागी मधोमध ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. कापडाला शिवणीपाशी माया सोडतो ना आपण, तशी सोडायची."

मी म्हटलं, बरं, आता बाकीची. ते नेलकटर पुसत उठले. उद्या दुसरं, म्हणाले. कुत्र्याला अठरा नखं असतात. मी हिशेब करून सांगितलं की अठरावं कापेपर्यंत पहिलं पुन्हा वाढलेलं असेल. "मग पुन्हा कापू," ते म्हणाले. "तुम्हाला कुठं जायचं हाय का?" शाळेत जायचं होतं, रोजच जायचं होतं. घुसू पाहणारं ते वरचं नख मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी घेतलं, एवढं कबूल केलं पाहिजे.

दहा नखं झाली आणि सासूबाई येणार असल्याचा फोन आला. त्यांच्या साड्यांचा आणि चिकूच्या उड्यांचा विचार करून माझा धीर सुटला. एवढे दिवस बघते आहे, आता मला येतं, असं वाटलं. संध्याकाळी सुधीरने चिकूला धरलं आणि मी कापायला बसले. तीन नखं नीट गेली. चौथ्याला त्याने पाय ओढला, मी ओढू दिला नाही. जिव्हाळी लागली. तो किंचाळला, सुधीरच्या अंगठ्याला चावला आणि रक्ताचे ठिपके टाकत पलंगाखाली गेला. त्याला बाहेर काढून, तुरटीची पूड नखावर दाबून धरेपर्यंत मी घामाने भिजले. तो थरथरत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

सकाळी मास्टर आले. ठिपके मी पुसले होते, पण चिकू बाहेर आला नाही आणि सुधीरच्या अंगठ्याला पट्टी होती. मास्टरांनी पट्टीकडे एकदा पाहिलं. चिकूकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि उन्हाबद्दल बोलायला लागले. पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात.

तेव्हा मात्र मी भडकले. हे कुत्रं आहे, नवरदेवाचा कोट नव्हे, असं म्हणाले. तुम्हाला वेळ घालवायला जागा हवी आहे, असंही म्हणाले. ते तोंडून जायला नको होतं.

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"दुकानात मी निधानच होतो, अम्मा. घरी नव्हतो," ते म्हणाले. "रघूला धरून बसवायचो. पाढे, केस, नखं, सगळं धरून. आता तो चाळीस वर्षांचा हाय. मी पंख्याचं बटण दाबायला हात वर केला तरी डोकं बाजूला घेतो. तो मुद्दाम करत नाही. त्याला ठाऊकपण नाही."

रघू त्यांचा एकुलता मुलगा, कॉलेजच्या ऑफिसात होता. बापाच्या खुर्चीला वळसा घालून जाताना मी त्याला पाहिलं होतं. दोघांच्यात भांडण असेल असं धरून चालले होते. मी नवीन कॉफी करायला आत गेले.

या खेपेला अठराही नखं व्हायला सहा आठवडे लागले. आणि त्या सहा आठवड्यांत मास्टर मला आवडायला लागले असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. पुढे त्यांचे हात थरथरायला लागल्यावर नेलकटर माझ्याकडे आलं, पण ते शेजारून हटले नाहीत. कोन चुकला, उजेड अडवला, श्वास रोखू नका, कुत्र्याला कळतं. माझ्या ब्लाउजची बाही कोल्हापूरच्या शिंप्याने कशी बिघडवली, हेही त्याच वेळी. तीन वर्षांनी चिकू माझ्या मांडीवर उताणा झोपून चारी पायांची नखं कापून घ्यायला लागला. त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले की मागच्या डाव्याला एक कंगोरा राहिलाय.

चौथ्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी भेटायला गेले तर रघू पलंगाच्या कडेवर बसून त्यांच्या हाताची नखं कापत होता. त्याला सवय नव्हती. मान अवघडून, दात आवळून, ऑफिसला जायच्या घाईत तो कापत होता. मास्टरांचा थरथरणारा हात त्याने मनगटाशी धरला होता. दुसरा हात त्यांनी पांघरुणात घेतला होता आणि तो जरासुद्धा वर येणार नाही अशा बेताने ते पडून होते. रघूने त्या हातासाठी पांघरूण बाजूला केलं, तेव्हा कुठे तो हात त्यांनी त्याच्या हातात दिला.

दहाही नखं दहा मिनिटांत झाली. कुठे तिरकी, कुठे टोकं तशीच, अंगठ्याचं तर नको तेवढं आत गेलेलं. दोरा अर्धा सूत सरकला तरी ज्यांना सहन होत नसे, त्या माणसाने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून पाहिले.

"चेन्नागिदे," ते मुलाला म्हणाले. छान झालंय.

रघूने मान खाली घालून चादरीवरची नखं गोळा केली.

मास्टर त्यानंतर महिनाभर होते. मी त्या सकाळी घरी परतले ती चांगलीच चिडून. चार वर्षांत मला त्यांनी एकदाही छान म्हटलं नव्हतं, आणि माझं काम त्याच्यापेक्षा कितीतरी सफाईदार होतं.