पालकांचे मत

माझ्या नातीचं कॉलेज मी ठरवलं. तिच्या कॉलेजातल्या सरांनी ठरवलं असं आमच्या घरात सगळे म्हणतात, बाहेर विचारलं तर मीही तेच सांगते. पण लिहायला बसले आहे तर खरं ते लिहिते.

नात पहिलीपासून माझ्याजवळ राहिली. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. धाकट्याला बरोबर न्यायचे, हिला मी ठेवून घेतली. माया म्हणून नाही. उसाच्या पाचटाच्या खोपीत राहून शाळा होत नाही एवढं मला कळत होतं, आणि ही पोर शाळेत पुढं होती. दहावीनंतर तिनं शेजारच्या मोठ्या गावी सायन्स घेतलं. पावसाळ्यात मुलगा-सून सुप्याच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे कामाला राहायचे, म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने सोडले तर पोरीची पालक मीच. मुलाला काही विचारलं की तो फोनवर म्हणायचा, “तू हायेस ना तिथं. तू म्हनशील ते.”

बारावीच्या वर्षी संक्रांतीनंतर कॉलेजात पालकांची सभा झाली. फिजिक्स शिकवणारे एक सर होते, त्यांच्याकडेच पुढच्या शिक्षणाचं मार्गदर्शन होतं. सर मूळचे नगरचे. माणूस वाईट नव्हता. रविवारी सुद्धा कॉलेज उघडून पोरांचे फॉर्म भरून द्यायचा आणि कुणाचा चहा घ्यायचा नाही. पण त्यांच्यावर एकदा बालंट आलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून एक मुलगी पुण्याला शिकायला गेली, तिथं तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, आणि तिचा बाप चार माणसं घेऊन सरांच्या दारात येऊन बसला. तेव्हापासून सर मुलींच्या बाबतीत सगळं भर सभेत विचारायचे आणि वहीत लिहून खाली पालकाची सही घ्यायचे.

सभेच्या दिवशी सकाळी नात चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आजी, पुन्याला सरकारी कॉलेज हाय. कॉम्प्युटरचं. मुलींचं वसतिगृह आतच हाय, बाहेर राहायचं काम न्हाई.”

“मार्क पडतील का तेवढे?”

“पडतील.”

“मग जा.”

“खरंच म्हनतीस?”

“मग काय लेखी देऊ?”

ती हसली. भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही. मी तिला पाठवणार होते. मनात दुसरं काही नव्हतं.

सभा हॉलमध्ये होती. पुरुष पुढं खुर्च्यांवर, आम्ही बाया मागं सतरंजीवर. सर एकेक पोर उभं करायचे. मुलगा असला तर त्यालाच विचारायचे, काय व्हायचंय तुला. एक पोरगा म्हणाला, पायलट. पुढून कुणीतरी म्हणालं, “आधी सायकल नीट चालव. काल माझ्या गाईच्या अंगावर घातलीस.” सगळे हसले, पोरगाही हसला, आणि सरांनी वहीत पायलट असंच लिहून घेतलं. मुलगी असली की तिचे टक्के सांगायचे, तिला खाली बसवायचे आणि तिच्या पालकाला उभं करायचे.

माझा नंबर आला. सर म्हणाले, “आजी, पोरगी हुशार आहे तुमची. कॉलेजात पहिल्या तिघांत आहे. पुढं किती लांब पाठवणार?”

माझ्यापुढं माझा चुलत दीर बसला होता. त्याच्या शेजारी आमच्या भावकीतले तिघं. दोन रांगा सोडून तो बाप, ज्याची मुलगी पुण्याला गेली होती. त्याची धाकटी आता बारावीला होती. सगळ्यांनी माना वळवल्या. आणि मी म्हणाले, “लांब कशाला? सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी आली पाहिजे.”

तोंडातून आपोआप आलं ते. आमच्याकडे मुलीबद्दल चारचौघांत असंच बोलतात. मुलगी बघायला आले की आई म्हणते, आमची काही शिकलेली नाही, आणि ती बीए झालेली असते. अंगावर नवं लुगडं असलं तरी जुनंच आहे म्हणायचं. घरातलं घरात, सभेतलं सभेत. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्या दिवशी ज्या बाया उभ्या राहिल्या त्या सगळ्या असंच काहीतरी बोलल्या आणि घरी जाऊन त्यातल्या निम्म्यांनी वेगळं केलं असतं.

चुलत दिरानं मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, “म्हातारी पक्की हाय.” मला ते गोड वाटलं, हेही लिहून ठेवते. सरांनी वही पुढं केली. रकान्याच्या वर लिहिलं होतं, पालकांचे मत. माझ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘रोज ये-जा करता येईल एवढ्याच अंतरावर’. मी वाचलं. मला वाचता येतं. आणि खाली सही केली.

नात मुलींच्या रांगेत बसली होती. घरी येताना ती दोन पावलं मागं चालत होती. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल.

परीक्षा झाल्या, ती सीईटी का काय तीही झाली. नातीला चांगले मार्क पडले. पेढे वाटले. मुलगा सुप्याहून रात्रीच्या गाडीनं आला, सकाळी परत गेला. मग फॉर्म भरायची वेळ आली. सरांनी सांगितलं होतं, बाहेर नेट कॅफेत जाऊ नका, तिथं चुका करतात, मी स्वतः भरून देतो. सगळ्या पोरांना एका रविवारी बोलावलं. नातीच्या फॉर्मवर मोबाईल नंबर माझा होता, कारण मुलाचं सिमकार्ड दर हंगामाला बदलतं.

मी बाजरीत खुरपत होते. फोन वाजला. सर म्हणाले, “आजी, तुमच्या मोबाईलवर आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा.” मी हात पदराला पुसले, सहा आकडे एकेक करून वाचले.

सर म्हणाले, “झालं बघा. अगदी तुमच्या मनासारखं केलंय.”

मी म्हणाले, “लई उपकार झाले.” माझ्या मनात पुणं होतं.

यादी लागली त्या दिवशी नात संध्याकाळी सरांकडून आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “लागलं कॉलेज.”

“पुणं?”

“न्हाई. माळावरचं.”

माळावरचं म्हणजे आमच्यापासून एसटीनं तासाभराच्या अंतरावरचं एक खाजगी कॉलेज. ती हंडा घेऊन पाण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि आनंदानं म्हणाले, “पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळाली आजी. फार कमी जणांना मिळते.”

“पहिली पसंती कुनाची?”

सरांनी कपाटातून वही काढली. “तुमचीच. हे बघा, सही आहे.”

“आवो सर, ते आपलं सभेत बोलायचं म्हनून बोलले मी. पोरीला घरी सांगितलं हुतं, पुन्याला पाठवते.”

“घरात काय बोललात ते मला कुठून कळणार? मी सगळ्यांसमोर विचारतो ते त्यासाठीच. नंतर कुणी फिरू नये.”

“मग आता बदला.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं नंबरवार लिहायची असतात. त्यातलं एक नंबरचं मिळालं तर जागा आपोआप बांधली जाते, पुढच्या फेरीत बसता येत नाही. दोन नंबरचं किंवा त्याखालचं मिळालं असतं तर वाट बघता आली असती.

“दोन नंबरला काय लिहिलं हुतं?”

“पुण्याचंच. पोरीच्या समाधानासाठी.”

“ते एक नंबरला असतं तर लागलं असतं का?”

सरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं. मग म्हणाले, “लागलं असतं.”

मी त्यांना बोलू नये ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, “आजी, मी फॉर्म भरताना तुमच्या नातीला सगळं दाखवलं होतं. ती काहीच बोलली नाही.”

घरी येईपर्यंत माझा राग पोरीवर वळला होता. मी तिला विचारलं, “सरांनी दाखवलं तवा गप का बसलीस?”

“त्यांनी वही दाखवली. तुजी सही वळखते मी.”

“सही काय बगतीस, सकाळी घरात काय बोलले हुते मी?”

“ते माजं मन राखायला बोललीस, असं वाटलं. सभेत बोललीस तेच खरं.”

“इचारायचं न्हाई? तोंड न्हवतं तुला?”

“तुला हुतं की,” ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, एक वर्ष थांब, परत परीक्षा दे. म्हणाली, नको, वर्षभर घरात बसले की स्थळं यायला लागतील. तेही बरोबरच होतं, कारण आदल्याच आठवड्यात चुलत दिरानं एक सुचवलं होतं.

आता ती सकाळी सहाची एसटी पकडते. कॉलेजची इमारत मोठी आहे, मी एकदा जाऊन आले. मास्तर वर्षाच्या मध्येच सोडून जातात, कॉम्प्युटर चारजणांत एक. ज्या पोरानं पायलट लिहून दिलं होतं तो पुण्याला एका कॉलेजात आहे. मार्क हिच्यापेक्षा पुष्कळ कमी, पण त्याला कुणी अंतर विचारलं नव्हतं. दिवाळीला तो हिला भेटला. बोलता बोलता पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीबद्दल सांगायला लागला, तशी ही गोठ्यात निघून गेली.

माझ्याशी ती नीट वागते. गोळ्या देते, मोबाईलचं बिघडलं तर करून देते. कॉलेजातलं काही सांगत नाही. आधी शाळेतून आली की बोलून बोलून माझं डोकं उठवायची. मुलगा फोनवर विचारतो, पोरीचं बरं चाललंय ना, मी म्हणते, हो.

यंदा शेजारणीची मुलगी बारावीला होती. हुशार आहे, नर्सिंगला नाशिकला जायचं म्हणते. सभेच्या आदल्या दिवशी शेजारीण भिंतीवरून विचारायला आली, “मावशी, सर इचारतील तवा काय सांगू गं?”

मी तिला झालेलं सगळं सांगितलं. म्हणाले, घरात जे ठरलंय तेच तिथं बोल. नाहीतर पोरीलाच उभी कर.

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा मी विचारलं, “काय बोललीस?”

“काय बोलनार? सगळे बसले हुते ना पुढं. जवळच टाका म्हनलं.”

“आन पोरीला?”

“तिला काय, तिला ठावं हाय मी पाठवनार ते.”

मी तशीच उठले आणि तिच्या घरात गेले. तिचा नवरा, सासू, दीर जेवत होते. मी मुलीला बाहेर बोलावलं नाही, तिथंच सगळ्यांसमोर म्हणाले, “तुजी आई तुला नाशिकला पाठवायचं म्हनती, आन वहीत सही दुसरीच करून आलीय. उद्या सकाळी सरांकडं जा आन खोडून घे.”

सासूनं जेवण थांबवलं. दीर म्हणाला, “आजे, तुजं काय काम हाय आमच्या घरात?” मी चोरी पकडल्यासारखी शेजारीण माझ्याकडे बघत होती.

मुलगी सकाळी गेली सरांकडे. सरांनी बापाला फोन लावला, बाप म्हणाला, सही हाय ती हाय. रकाना आहे तसाच राहिला.

शेजारीण माझ्याशी बोलणं सोडून तीन महिने झाले. मी नातीला हे सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशीच्या एसटीसाठी डबा भरत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू तिच्या बापाला आदी एकट्याला गाठून इचारायचं हुतंस. चारचौघांत तो काय बोलनार?” मग दिवा मालवून झोपली.