आई, तू बाजूने बोल

माझी धाकटी बहीण बुटांच्या दुकानात होती तेव्हाचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच येऊन अडकतं. लहान मुलांच्या पायात बूट चढवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रडून दुकान डोक्यावर घेणारं पोर असलं तरी ही समोर उकिडवी बसायची, त्याचं पाऊल आपल्या गुडघ्यावर घ्यायची आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबून विचारायची, आत कोण लपलंय बघू? पोर रडायचं विसरायचं. आया म्हणायच्या, एक माप मोठा द्या, वाढतं वय आहे. एरवी माझी बहीण गरीब गाय, पण तिथे ऐकायची नाही. सैल बुटात पोर तोंडावर आपटतं हो, म्हणून बरोबर मापाचाच द्यायची.

आणि स्वतःच्या पोरीला तिने एक माप मोठा घेतला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लाल रंगाचा, पट्टीचा बूट होता, त्या रंगातला शेवटचा जोड, आणि पोरीने तर दुकानात फतकल मारली होती. पुढच्या वर्षीही होईल, असं म्हणत धाकटीने बुटाच्या टोकात कापूस भरला. मी तिला चिडवलंसुद्धा. पोरीला आम्ही ठमी म्हणतो. चार वर्षांची असताना ती कमरेवर हात ठेवून सगळ्यांना दम द्यायची, म्हणून आईने ठेवलेलं नाव.

तो बूट पहिल्यांदा घातला त्या दिवशी धाकटी तिला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेली. तिथे एक म्हातारं अस्वल होतं. अख्खं शहर त्याला आजोबा म्हणायचं. आमच्या लहानपणापासूनचं, एक कान फाटलेलं, दुपारी पाय पसरून भिंतीला टेकून बसायचं. ठमीने कठड्याच्या गजांतून पाय आत घालून हलवले, आणि बूट निसटून खाली खंदकात पडला. ती रडायला लागली. धाकटी म्हणाली, थांब इथेच, मी रखवालदाराला बोलावते. वळली, जेमतेम चार पावलं गेली असेल. ठमी गजांतून आत शिरली आणि बुटामागे घसरत खाली गेली.

आजोबा उठले. आले, पोरीला हुंगलं, तिचा फ्रॉक दातांत धरून तिला पाण्याच्या कडेने ओढत नेलं, मग सोडलं आणि तिच्यावर ओणवे उभे राहिले. पोरीला ओरखडासुद्धा काढला नव्हता, हनुवटी फुटली होती ती पडल्यामुळे. ते तिला राखत होते की खाणार होते, देवाला माहीत. वर माणसं किंचाळत होती. रखवालदाराने बंदूक आणली आणि आजोबांना मारलं. पोर वाचली.

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं सगळं शहर बोलायला लागलं. प्राणिसंग्रहालयाच्या दारात लोकांनी मेणबत्त्या लावल्या. टीव्हीवर रोज कोट घातलेले चार शहाणे बसायचे, दोन या बाजूचे, दोन त्या बाजूचे. एक म्हणायचा, माणसाचं मूल ते माणसाचं मूल. दुसरा म्हणायचा, माणसांची मुलं ढिगानं आहेत, असं अस्वल कुठून आणणार? हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पोर दुसऱ्या खोलीत दूध पीत होती आणि हा कोटवाला तिची आणि अस्वलाची तुलना करत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पावाच्या दुकानात, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, जिथे तिथे तोच विषय. मी भांडले. ओळखीच्यांशी भांडले, अनोळखी माणसांशी भांडले, एका बाईच्या हातातली पिशवी ओढली. बोलणाऱ्यांची तोंडं काही धरता येत नाहीत, मला ते अजून कळलेलं नाही. एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं. आई नालायक.

त्यातल्या कुणालाही बूट मोठा होता हे माहीत नव्हतं. तिला आणि मलाच ते माहीत होतं. ती मला एकदाच म्हणाली, "ताई, मी दुसऱ्या कुणाच्या पोरीला असा बूट दिला नसता." त्यानंतर तिने तो विषय बंद केला.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, बाईने हिला ओळखलं आणि आपल्या मुलाचा पाय हिच्या गुडघ्यावरून काढून घेतला. ह्यांच्या हातून नको, एवढंच म्हणाली. मालक चांगला माणूस होता, त्याने जा म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून धाकटीच गेली नाही. नवरा आधी तिच्या बाजूने लोकांच्या अंगावर धावून जायचा. हळूहळू घरात तोही तेच विचारायला लागला, तू बघत कुठे होतीस? मग लांबच्या कामावर गेला तो गेला. आम्ही दोघी पोरीला घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला आलो. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मला विचारणारं कुणी नव्हतं. धाकटीने इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम धरलं. तिथे माणसाचं तोंड दिसत नाही, नुसत्या चादरी येतात. वाफेत उभं राहायचं, ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, झटकायची, यंत्रात सारायची, घडी घालायची. ज्या हातांनी पोरं हसायची ते हात चुन्यासारखे पांढरे पडले. मला ते बघवत नसे.

ठमीला काही आठवत नव्हतं. हनुवटीवरची खूण जिन्यावरून पडल्याची, असं तिला सांगितलं होतं. मोठी झाली की सांगू म्हणता म्हणता ती तेरा वर्षांची झाली. मी दरवर्षी म्हणायचे, अगं, बाहेरून कळण्याआधी घरातून कळू दे. धाकटी म्हणायची, एवढी परीक्षा होऊ दे. तिला भीती एकच होती. आपल्यासाठी कुणाला तरी मारलं, आणि निम्म्या शहराला ते चुकलं असं वाटतं, हे घेऊन पोरीने जगायचं कसं? पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, ते ह्याच्यासाठी.

आणि एक दिवस ठमी शाळेतून नाचत आली. वादविवाद स्पर्धेत तिला निवडलं होतं. विषय होता, माणसाच्या मुलाला वाचवण्यासाठी प्राण्याचा जीव घेणं योग्य आहे. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हिला विरोधी बाजू आली होती. घेणं योग्य नाही, असं हिने बोलायचं.

धाकटी भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. दुसऱ्या दिवशी ती अर्धी सुट्टी घेऊन शाळेत गेली, मीही बरोबर गेले. बाईंना सांगायचं, विषय बदला. शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आम्ही उभ्या राहिलो. आत चहा चालला होता, बाई हसत होत्या. विषय बदला म्हटलं की का, हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर चहा पिणाऱ्या दहा जणांसमोर द्यायचं. धाकटी म्हणाली, चल. मी पुढे होऊन बोलायला हवं होतं म्हणाल, तर ती माझा दंड धरून होती. स्पर्धा होऊ दे, मग मी स्वतः सांगते, असं तिने मला कबूल केलं. आम्ही परत आलो.

पहिले दोन दिवस ठमी उड्या मारत तयारी करत होती. तिसऱ्या दिवशी शाळेतून उशिरा आली, जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. त्यानंतर मात्र तिने तयारी अशी काही मनावर घेतली की विचारू नका. संध्याकाळी धाकटी कामावरून येऊन घरचे कपडे घड्या करायला बसली की ही समोर येऊन उभी राहायची.

"आई, तू बाजूने बोल. मी खोडून काढते."

धाकटी म्हणायची, मला कुठे बोलता येतं, मावशीला सांग, ती भांडकुदळ आहे. पण ठमीला मावशी नको होती. तूच बोल, म्हणायची. मग धाकटी घडी घालता घालता, मान वर न करता म्हणायची, झोपेच्या इंजेक्शनाला वेळ लागतो, तोवर काहीही होऊ शकतं. ठमी म्हणायची, काहीही होऊ शकतं म्हणजे झालं असं नाही, त्या प्राण्याने काहीच केलेलं नव्हतं. धाकटी म्हणायची, जनावराचा काय भरवसा? ठमी म्हणायची, ते त्याच्या घरात होतं, मूल त्याच्या घरात शिरलं. सगळे जुनेच मुद्दे. नऊ वर्षांपूर्वी कोटवाल्यांच्या तोंडून ऐकलेले, आता माझ्या भाचीच्या तोंडून, आमच्याच स्वयंपाकघरात. मी उठून मोरीत जायचे आणि नळ सोडायचे.

एकदा धाकटीचा हात घडीवर थांबला. ती म्हणाली, "ते मूल कुणाचं तरी होतं गं."

ठमी म्हणाली, "हा भावनिक मुद्दा झाला. याला गुण नसतात. अजून सांग."

"अजून काय सांगू? बरोबर आहे तुझं."

"नीट बोल ना, आई. एवढ्यात हरतेस?"

"तू हुशार आहेस बाई. तूच जिंकलीस," असं म्हणून धाकटी हसली आणि कपड्यांचा गठ्ठा उचलून कपाटाकडे गेली. ठमी तिथेच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परत तेच. अजून एकदा आई, तू बाजूने बोल. रोज धाकटी दोन मुद्दे सांगायची आणि तिसऱ्याला बरोबर आहे तुझं म्हणायची. फार बोललं तर तोंडून भलतंच निसटेल आणि पोरीला संशय येईल, म्हणून ती लवकर हरायची. मला वाटलं, पोरगी बक्षिसाला हपापलीय. मनातून तिचा रागही आला.

स्पर्धेच्या दिवशी शाळेचा हॉल गच्च भरला होता. आम्ही मागच्या रांगेत बसलो. धाकटीने चांगली साडी नेसली होती आणि हात पदराखाली ठेवले होते. आधी चष्मा लावलेला एक मुलगा बाजूने बोलला. चांगला बोलला, पण पाठ केलेलं होतं, मध्येच विसरला. मग ठमी आली. ती आवाज न चढवता बोलली, एकेक मुद्दा घरी मांडायची तसा, सावकाश. शेवटी ती म्हणाली, ज्या मुलासाठी हे केलं त्या मुलाला कुणी विचारलं का? ते मोठं होणार, त्याला कळणार. त्याने काय करून दाखवलं म्हणजे त्या जिवाची भरपाई होईल, हे कुणी सांगेल का? नसेल सांगता येत, तर ही दया त्या मुलावर केलेली नाही, आपल्या मनावर केलेली आहे.

हा मुद्दा घरी कधीच आला नव्हता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एवढी माणसं माझ्या भाचीसाठी टाळ्या वाजवत होती, आणि मला वाटत होतं उठावं आणि एकेकाच्या कानाखाली द्यावी. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

बाहेर बसथांब्यावर आम्ही तिघीच होतो. ठमीने बक्षिसाचा कप आईच्या हातात दिला. धाकटी म्हणाली, छान बोललीस हं. मग तिने माझ्याकडे बघितलं, मला कळलं की ती आता सांगणार. ती म्हणाली, ठमे, घरी गेल्यावर तुला एक सांगायचंय.

"मला माहितीय," ठमी म्हणाली. "मुद्दे शोधताना शाळेच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ सापडला. अस्वल दिसतं, मूल नीट दिसत नाही. पण वरून कुणीतरी ओरडतं, ठमे, हलू नकोस. गोंगाटात दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला तुझा आवाज कळला."

मीच विचारलं, कधी बघितलास? ती म्हणाली, त्या दिवशी, डोकं दुखत होतं त्या दिवशी.

म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळी ह्या पोरीला ठाऊक होतं. आईच्या समोर उभी राहून, तू बाजूने बोल, तू बाजूने बोल म्हणत होती तेव्हा ठाऊक होतं.

"मी मुद्दाम तुला सोपे मुद्दे सोडत होते," ती आईला म्हणाली. रडत नव्हती, रडली असती तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, आज तरी तू मला हरवशील. तू रोज म्हणालीस, बरोबर आहे तुझं."

धाकटी खाली बसली. फुटपाथवर, उकिडवी, दुकानात बसायची तशी. कप बाजूला ठेवला आणि पोरीचे दोन्ही पाय धरून, तोंड उघडं टाकून नुसती वर बघत राहिली. मी म्हटलं, अगं वेडे, ऐक, ती घाबरली होती, तुला कळू नये म्हणून हरायची ती, हजार अस्वलं मारली असती आम्ही तुझ्यासाठी. शहरभर भांडताना जे जे बोलले होते ते सगळं माझ्या तोंडून भडाभडा बाहेर पडायला लागलं.

"आता नको मावशी," ठमी म्हणाली. "निकाल लागला."

तिने वाकून आईच्या हातांतून आपले पाय हळूच सोडवून घेतले. बस आली तेव्हा तीच आधी चढली आणि पुढे जाऊन एकटीच्या बाकावर बसली. कप मी उचलून आणला.