कांडीमावशीचं टाकून बोलणं

कांडीमावशीइतकं टाकून बोलणारं माणूस मिरजगावात दुसरं नव्हतं, आणि तिच्या दारात असायची तेवढी गर्दीही दुसऱ्या कुणाच्या दारात नव्हती. कुंपणभर कांडवेल माजलेली, म्हणून हे नाव. मोडलेलं हाड आधी बसवायचं, मग वेल ठेचून गरम लेप, वर उडदाचं पीठ, बांबूच्या कामट्या आणि पट्टी. बोलणी वेगळी, ती भरपूर.

तेव्हा मी तिथं मास्तर होतो. दुष्काळी कामावर खडी फोडताना रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी मोडायचं. मावशीची रीत अशी, की आधी माणसाला पेटवायचं. संतापलेल्याचं दुखण्याकडं ध्यान नसतं म्हणे. मी सायकलवरून पडलो, खांदा निखळला. माझा हात धरून ती गोड आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमाला शिकवता येत न्हाई म्हून हिकडं धाडलंय, खरं हाय का?" मी तोंड उघडलं, खाडकन आवाज झाला, खांदा जागेवर! माझं उत्तर ऐकायला बाई थांबलीच नाही. अजून राग येतो मला.

एकदा मावशीच खडीच्या ढिगावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. ते वाकडं जुळलं असतं तर तिचा हात गेला असता आणि आमचा सगळ्यांचा आधारही. ती तर कुणाला जवळ येऊ देईना. शेवटी सून पुढं बसली, शेवंता. लग्नापासून तिनं नुसता वेल ठेचला होता आणि बोलणी खाल्ली होती.

मनगट धरून शेवंता शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या हाताला गुण न्हाईच. हाड आपलं आपून जुळतं. तुमी नुस्तं फुकाचं नाव कमावलं."

अरे बापरे! आम्ही सगळे गार. मावशीनं शिवी हासडायला श्वास घेतला, तेवढ्यात शेवंतानं मनगट ओढलं.

ते सरळ जुळलं. पण मावशी गप्प झाली, आणि तिला तशी गप्प बघून मला फार वाईट वाटायचं. ओसरीवर बसून ती सुनेला विचारायची, "त्या दिशी खरं बोललीस, का नुस्तं हाड बसवाया?"

"हाड बसवाया," सून वेल ठेचत म्हणायची.

मावशीला ते पटलं की नाही, देव जाणे. त्यानंतर तिनं कुणाच्या हाडाला हात लावला नाही. कण्हत कुणी दारात आलं, की बरा झालेला उजवा हात उचलून आत दाखवायची.

"तिच्याकडं जा. माझ्यापरास लई टाकून बोलती."