धुतलेली घंटा

"काका, चहाचं तुम्ही बघाल ना? आम्ही जरा चर्चेला बसतो."

मराठी मंडळाचा अध्यक्ष बोलला. माझ्या मुलाच्या वयाचा. फ्रँकफर्टचा हॉल, पिक्चर नुकताच संपलेला, खुर्च्या गोल मांडणं चाललेलं. बाकीही म्हातारे होते तिथं. कुणाचे सासरे, कुणाचे वडील. त्यांना खुर्च्या दिल्या. मला किटली दाखवली. मघाशी मी त्याला विचारलं होतं, पडद्यावर खाली काय लिहून येतंय? तेवढ्यावरून त्यानं माझं माप काढलं.

मी खुर्ची ओढली आणि बसलो. मुलाच्या शेजारी. चहा कुणीतरी दुसऱ्यानं केला.

पिक्चर जपानी होता. जुना, काळा-पांढरा. हेडमास्तर एका गरीब पोराला शाळेतून काढतो. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग बाहेर बर्फात बसतो. त्याला आत घ्या, मग आम्ही येतो. हेडमास्तर ओरडतो, छडी आपटतो. पोरं बसलेलीच. एवढं कळायला अक्षर कशाला लागतंय?

चर्चा सुरू झाली. कुणी जपान्यांच्या शिस्तीचं बोललं, कुणी कॅमेऱ्याचं. एक बाई म्हणाल्या, "आपल्याकडे शाळेत असं कधी नव्हतं. गुरुजी सगळ्या मुलांना सारखंच बघायचे."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" अध्यक्षानं मान डोलावली.

मुलानं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. घरून निघतानाच बजावलं होतं त्यानं, "बाबा, तिथं आपलं काही काढू नका. इथं कुणाला माहीत नाही."

मी त्याचा हात बाजूला केला. उभा राहिलो.

"माझ्या शाळेत घंटा धुतली होती," म्हणालो. "तिसरीत होतो. शिपाई आला नव्हता, म्हणून मी टोल दिला. गुरुजींनी घंटा खाली उतरवली. माझ्यादेखत धुतली. ती वाळेस्तोवर मला उन्हात उभं केलं. मग घरी हाकललं. परत घेतलं नाही. वर्गातलं एकही पोरगं बाहेर आलं नाही."

राग नव्हता. रडू नव्हतं. तोंड दुसऱ्याचं आणि आवाजही दुसऱ्याचा, असं वाटत होतं.

अध्यक्ष हसला. "अहो काका, जुनं झालं ते. इथे जर्मनीत कशाला जात काढता?"

जात हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. घंटा म्हणालो होतो. तरी त्याला कळलं. लगेच कळलं. बाईंनाही कळलं, त्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मग कुणीतरी समोशांचा विषय काढला.

परतताना आम्ही एस-बान लोकल पकडली. मुलगा म्हणाला, "काय मिळालं, बाबा? आता बोलावणार नाहीत आपल्याला."

"तुला लपवायचं तर लपव," म्हटलं. "माझ्या तोंडावर हात ठेवू नकोस."

त्यानं मान फिरवली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात परत पिक्चर आहे. मी जाणार. बोलावलं तर, नाही बोलावलं तरी. मुलगा आला नाही तर एकटा. आणि या खेपेला कुणावर अंदाज बांधत बसायची वेळ आणणार नाही. आधी माझी जात सांगीन. मग बोलीन.